कोल्हापुरात स्वस्त मुक्काम आणि पेठेतील खरेदी: कशाच्या आधी काय करावे

दर सुट्टीच्या हंगामात आमच्या घरी कोल्हापूर पाहायला आलेले कोणी ना कोणी पाहुणे डोकावतात, आणि त्यांच्या बोलण्यातून त्याच त्या चुका पुन्हा ऐकू येतात. एका रात्रीच्या मुक्कामासाठी तीन दिवसांचे भाडे भरलेले असते, सकाळी उत्साहाने घेतलेली गुळाची ढेप दिवसभर खांद्यावर वागवलेली असते आणि महाद्वार रोडवर पाच मिनिटांत पसंत केलेले पायताण संध्याकाळपर्यंत अंगठ्याला चावून झालेले असते. यांतली कोणतीही चूक पैसे कमी पडल्यामुळे होत नाही. ती क्रम चुकल्यामुळे होते. म्हणून येथे दोन दिवस आणि एक रात्र एवढाच वेळ हाताशी असलेल्या, पुण्या-मुंबईकडून रेल्वेने किंवा एसटीने येणाऱ्या कुटुंबाला समोर ठेवून, मुक्कामाची आणि खरेदीची कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने मांडली आहेत.

## १. निघण्यापूर्वी वार आणि तिथी पाहणे

जुन्या कोल्हापुरातील खोल्यांचे भाडे आणि गर्दी ही दोन्ही अंबाबाईच्या मंदिरावर अवलंबून असतात. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा या दिवशी दर्शनाची रांग लांबते. शारदीय नवरात्रात, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मंदिराभोवतीच्या पेठेत ऐनवेळी खोली मिळण्याची आशा धरू नये. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या काळात किरणोत्सव असतो, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत पोहोचतात. हे दिवस पाहण्यासारखे असले, तरी त्या संध्याकाळी मंदिराच्या आसपास खरेदीचा बेत करू नये.

सर्वांत मोठी फसगत चैत्र पौर्णिमेला होते. त्या दिवशी जोतिबाची यात्रा वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर भरते, म्हणजे शहराबाहेर, आणि त्यामुळे शहरात जागा मिळेल असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात यात्रेकरूंचा मोठा भाग कोल्हापुरातच उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव असल्यामुळे तो थांबतोही. आपले कारण केवळ फिरणे आणि खरेदी एवढेच असेल, तर हे दोन-तीन दिवस सरळ टाळावेत.

सगळे जमवून आणायचे असेल, तर माझ्या मते बुधवार-गुरुवार ही जोडी सर्वांत सोयीची आहे. शनिवार-रविवारशिवाय पर्याय नसेल, तर खोली आठवडाभर आधी ठरवून यावे.

पडताळा: दुकानांची आठवडी सुट्टी पेठेगणिक आणि दुकानागणिक वेगळी असते. एखाद्या ठरावीक दुकानासाठीच येत असाल, तर निघण्यापूर्वी दूरध्वनी करून सुट्टीचा वार विचारावा.

## २. भाड्याचे तास मोजणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मुक्कामाचा खर्च वाढतो तो येथेच. लॉजचे भाडे दोन पद्धतींनी आकारले जाते. एका पद्धतीत खोली घेतल्यापासून चोवीस तास मोजतात. दुसरी पद्धत ‘बारा ते बारा’ची, म्हणजे दुपारी बाराला दिवस संपतो आणि नवा सुरू होतो, मग आपण खोली सकाळी सातला घेतलेली असो की अकराला.

आता मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने येणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. ही गाडी सकाळी कोल्हापुरात पोहोचते आणि परतीची रात्री सुटते. समजा ते कुटुंब बुधवारी सकाळी आठ वाजता खोलीत शिरले आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तेथून बाहेर पडले. बारा ते बाराच्या पद्धतीत बुधवारच्या सकाळचे चार तास हा एक दिवस, बुधवार दुपार ते गुरुवार दुपार हा दुसरा आणि गुरुवारच्या दुपारनंतरचे सात तास हा तिसरा दिवस धरला जातो. पस्तीस तासांसाठी तीन दिवसांचे भाडे द्यावे लागते, आणि झोप मात्र एकच रात्र मिळते. चोवीस तासांच्या पद्धतीत हेच काम दोन दिवसांच्या भाड्यात होते.

यापेक्षाही स्वस्त मार्ग आहे, आणि आम्ही पाहुण्यांना तोच सांगतो. बारा ते बाराच्या लॉजमध्ये सकाळी केवळ सामान ठेवण्याची परवानगी मागावी, खोलीचा ताबा दुपारी बारानंतर घ्यावा, दुसऱ्या दिवशी बाराच्या आत खोली सोडावी आणि संध्याकाळपर्यंत सामान पुन्हा गल्ल्यापाशी, म्हणजे मालकाच्या काउंटरजवळ, ठेवावे. अशा रीतीने एकाच दिवसाच्या भाड्यात दोन पूर्ण दिवस मिळतात. सकाळच्या आंघोळीचा प्रश्न उरतो. काही लॉजमध्ये तेवढ्यापुरती एखादी खोली तासाभरासाठी थोड्या पैशांत देतात. तसे आधी विचारून ठेवावे.

फोनवर बोलताना पुढील प्रश्न याच शब्दांत विचारले, तर उत्तरात संदिग्धता राहत नाही.

“मालक, भाडं चोवीस तासांचं की बारा ते बारा?”

“सांगितलेलं भाडं कराखेरीज की करासकट? जादा गादीचे वेगळे पडतील का?”

“सकाळी सामान ठेवून घ्याल का, आणि खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत राहू द्याल का?”

“रात्री दार किती वाजता बंद होतं?”

कराविषयी थोडे सांगावे लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे त्याहून अधिक दराने कर लावलेला दिसल्यास पावती दाखवून विचारणा करावी. जो लॉज जीएसटीखाली नोंदलेलाच नाही, त्याला हा कर वेगळा घेता येत नाही. पावतीवर जीएसटी क्रमांक नसेल आणि कर मात्र लावलेला असेल, तर तो देऊ नये.

## ३. मंदिराजवळ की स्टँडजवळ, हे ठरवणे

स्वस्त खोल्या मुख्यतः दोन भागांत मिळतात. पहिला भाग मध्यवर्ती बसस्थानक, शाहूपुरी आणि स्टेशन रोडचा. येथे लॉजची संख्या जास्त आहे, चोवीस तासांची पद्धत येथे अधिक आढळते आणि अवेळी आल्यासही दार उघडे मिळते. मंदिर येथून अडीच-तीन किलोमीटर अंतरावर आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीला केएमटीची बस किंवा रिक्षा धरावी लागते.

दुसरा भाग मंदिराभोवतीचा, म्हणजे महाद्वार रोड, ताराबाई रोड, कपिलतीर्थ मार्केट आणि भवानी मंडप यांच्या आसपासचा. येथे धर्मशाळा, भक्त निवास आणि लहान यात्री निवास आहेत. मंदिर, गुजरी (सराफांची पेठ), चप्पल लाइन ही ठिकाणे पायी फिरता येतात. मात्र जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचितच असते, गल्ल्या अरुंद असतात, पहाटेपासून वर्दळ सुरू होते आणि स्वतःची गाडी दारापर्यंत नेण्याचा विचार सोडूनच द्यावा लागतो. गाडी असेल तर ती बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावून पिशव्या हातात घेऊन चालत यावे. गर्दीच्या दिवशी मंदिराकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद करतात, हेही लक्षात ठेवावे.

एका रात्रीसाठी आणि मुख्य काम खरेदीचे असेल, तर मंदिराजवळचा भाग घ्यावा. रिक्षाचे वाचणारे पैसे खोलीच्या थोड्या जास्त भाड्याची भरपाई करतात. बरोबर गुडघेदुखी असलेली वडीलधारी माणसे असतील, पहाटे तीनची एसटी असेल किंवा मुक्काम केवळ झोपण्यापुरता असेल, तर स्टँडजवळचा भाग बरा.

सावधान: धर्मशाळेत आणि भक्त निवासात काही नियम पक्के असतात. मांसाहार आणि मद्य चालत नाही, त्यामुळे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे पार्सल खोलीवर आणून खाण्याचा बेत असेल तर तेथे उतरू नये. बाहेर जेवून यावे. पुष्कळ ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. रात्रीचे दार ठरलेल्या वेळी बंद होते आणि ते कोणासाठी उघडत नाहीत. या गोष्टी तेथे गेल्यावर समजल्या, तर भांडण होते आणि तोवर दुसरीकडच्या खोल्याही भरतात.

## ४. खोली पाहणे आणि ताब्यात घेणे

स्टँडवर किंवा स्थानकाबाहेर “लॉज पाहिजे का” असे विचारणाऱ्याच्या मागे जाऊ नये. त्याचे कमिशन आपल्याच भाड्यात मिळवलेले असते. मी स्वतः दुसऱ्या एका तीर्थक्षेत्री रात्री दमून असाच एका माणसाच्या मागे गेलो होतो. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने तशाच खोलीचे माझ्याहून तिसरा हिस्सा कमी दिले होते, हे सकाळी नळावर कळले.

खोली पाहताना सगळ्यांनी सामानासह जिना चढू नये. एकाने वर जावे, बाकीच्यांनी खाली सामानापाशी थांबावे. सगळे वर गेले की माणूस नको ती खोलीसुद्धा “चालेल” म्हणून घेतो. वर गेल्यावर पुढील क्रमाने पाहावे.

आधी न्हाणीघरातील नळ सोडून पाण्याचा जोर पाहावा आणि गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत मिळते ते विचारावे. स्वस्त लॉजमध्ये गरम पाणी बहुधा सकाळच्या दोन-तीन तासांपुरतेच असते, आणि पहाटेच्या दर्शनाला जाणाऱ्याला ते सुरू होण्याआधीच निघावे लागते. नंतर गादीची चादर कोपऱ्यातून उचलून शिवणीत काळे ठिपके आहेत का ते पाहावे, कारण ढेकणांची खूण तेथेच सापडते. मग दाराची आतली कडी, खिडकीचे गज, पंखा आणि मोबाइल लावण्याचे बटण तपासावे. कमोड हवा असेल तर तो आहे याची खात्री डोळ्यांनी करावी, शब्दावर राहू नये.

ओळखपत्र दाखवणे आवश्यकच आहे आणि ते प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मागितले जाते. आधारची प्रत देताना केवळ शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. मूळ ओळखपत्र खोली सोडेपर्यंत गल्ल्यात ठेवून घेण्याची मागणी झाल्यास नकार द्यावा आणि त्याऐवजी अनामत रक्कम द्यावी.

पडताळा: पावतीवर तारखेबरोबर ताबा घेतल्याची वेळ, अनामत रक्कम आणि माणसांची संख्या लिहून घेतली का? तासांवरून होणाऱ्या वादात पावतीवरची वेळ हाच एक आधार असतो.

## ५. पहिली फेरी: पैसे न काढता पाहणे

पहिल्या दिवशी दुपारी ऊन उतरल्यावर बाजारात एक फेरी मारावी आणि त्या फेरीत काहीही विकत घेऊ नये. ज्यांना हे जमत नाही त्यांनी पैशांचे पाकीट बरोबरच्या सर्वांत कठोर माणसाकडे द्यावे.

फेरीचा मार्ग सोपा आहे. पापाच्या तिकटीपासून महाद्वार रोडने बिनखांबी गणेश मंदिराच्या दिशेने चालत जावे. वाटेत मंदिराचे पश्चिमेचे महाद्वार लागते. तेथून परत वळून गुजरीतून भाऊसिंगजी रोडला निघावे आणि शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनपर्यंत यावे. सावकाश चालले तरी दीड तास पुरतो. या दीड तासात प्रत्येक हव्या असलेल्या वस्तूचा भाव निदान तीन दुकानांत विचारावा आणि मोबाइलवर टिपून ठेवावा. मंदिराच्या दाराला अगदी लागून असलेल्या दुकानांतील भाव आणि दोनशे पावलांवरील दुकानांतील भाव यांत काय फरक पडतो, हे त्या टिपणावरून आपोआप दिसते.

भाव करण्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. चपलांच्या आणि महाद्वार रोडवरील किरकोळ वस्तूंच्या दुकानांत भाव होतो. गूळ, तांदूळ आणि चटणी यांच्या दुकानांत बहुधा होत नाही, झालाच तर जास्त माल घेतल्यावर होतो. भाव करताना निम्म्यावर आणण्याचा हट्ट धरू नये. हाताने काम करणाऱ्या कारागिराचा माल असेल तर त्यातून त्याची मजुरी सुटली पाहिजे, आणि “शेवटचं काय ते सांगा, दादा” एवढे एकदा म्हटले की बहुतेक दुकानदार सरळ भाव सांगतात.

## ६. चप्पल: पहिल्याच संध्याकाळी

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. चप्पल पहिल्या संध्याकाळी घेण्याची दोन कारणे आहेत. दिवसभर चालून पाय किंचित सुजलेले असतात, त्यामुळे माप खरे मिळते. आणि रात्री खोलीत घालून पाहिल्यावर काही खटकले, तर दुसऱ्या दिवशी बदलून आणायला वेळ राहतो. निघायच्या दिवशी घेतलेली चप्पल बदलता येत नाही.

अ) अस्सल की नक्कल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या आठ जिल्ह्यांना आहे. त्यामुळे “हा माल कर्नाटकातला, म्हणून खोटा” असे कोणी म्हटले तर ते बरोबर नाही. अथणी, निपाणीकडचे कारागीरही हेच काम करतात. खोटी चप्पल ओळखायची ती कातड्यावरून आणि बांधणीवरून.

चप्पल आडवी धरून तळाची कड पाहावी. अस्सल चपलेच्या कडेला कातड्याचे थर दिसतात. मध्ये पुठ्ठा, रबर किंवा फोम असेल तर तो रंगाखालीही ओळखू येतो. पारंपरिक बांधणीत खिळे नसतात. तळ आणि टाच कातड्याच्या वादीने शिवलेली असते. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवला, तर तळावर फिरवून खिळा आहे की नाही हे क्षणात कळते. नाकाजवळ धरल्यास वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या कातड्याला मातकट वास येतो, तर रेक्झिनला रसायनाचा येतो. पट्ट्याच्या आतल्या, रंग न दिलेल्या बाजूला ओल्या बोटाने एक थेंब लावावा. कातडे तो हळूहळू पिते, रेक्झिनवर तो तसाच राहतो.

आ) प्रकार. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकरी अशी नावे दुकानात ऐकू येतील. रोज शहरात वापरायची असेल तर पातळ तळाची, नाजूक वेणीची कापशी घालायला सोपी पडते. जाड तळाची, भारी चप्पल दिसायला रुबाबदार असते आणि टिकतेही, पण ती पायाला वळण लागेपर्यंत महिनाभर दम धरावा लागतो. पहिल्यांदाच कोल्हापुरी घालणाऱ्याने करकर वाजणाऱ्या जाड चपलेचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इ) माप. कातडे वापराने सैलावते, हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. दुकानात अगदी सुखाने बसणारी चप्पल दोन महिन्यांत पायातून निसटू लागते. पट्टा पायावर घट्ट, पण दुखणार नाही इतपतच असावा. अंगठा त्याच्या कडीत सहज जावा. टाच मागे तळाच्या कडेबाहेर जाऊ नये. दोन्ही पायांत घालून दुकानातच पाच-दहा मिनिटे चालावे. एकाच पायात घालून घेतलेल्या चपलांपैकी दुसरी चावते, असा पुष्कळांचा अनुभव आहे, कारण हाताने बनवलेल्या जोडीत सूतभर फरक राहू शकतो.

सावधान: घरच्या माणसासाठी केवळ नंबर विचारून चप्पल घेऊ नये. निघण्यापूर्वी त्या व्यक्तीला कागदावर उभे करून दोन्ही पायांची कड पेन्सिलीने आखून आणावी. तो कागद तळावर ठेवून पाहिला की चूक होत नाही.

ई) रात्रीचे काम. खोलीवर आल्यावर अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा एरंडेल तेलाचा हात द्यावा आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी फडक्याने पुसून अर्धा तास खोलीतच घालून फिरावे. येथे ठणका लागला, तर दुकान उघडताच बदलून घ्यावी. तेल लावलेली चप्पल बदलून मिळेल ना, हे घेतानाच विचारून ठेवावे. पुढे आठवडाभर रोज तासभर, मग दोन तास, असे करत नेले की चप्पल पायाची होते. पाण्यात भिजू देऊ नये, आणि भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत सुकवून तेल द्यावे. पावसाळ्यात आलात तर चप्पल जरूर घ्या, पण पायांत घालून परतू नका.

सावधान: दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शनाला जाताना नवी चप्पल घालून जाऊ नये. मंदिराबाहेर शेकडो सारख्या जोड्यांत ती अदलाबदल होते. दर्शनाला जुनीच चप्पल घालावी.

## ७. गुजरी आणि साज

सोन्याची खरेदी खरे तर स्वस्त प्रवासाच्या बेतात बसत नाही, तरीही कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला पारंपरिक हार, पाहण्यासाठी गुजरीत पाऊल वळतेच. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक दुकानातच ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पाहावा. साजातील मण्यांत लाख भरलेली असू शकते, म्हणून वजनाच्या काट्यावरचा आकडा न पाहता सोन्याचे निव्वळ वजन आणि घडणावळ पावतीवर वेगवेगळी लिहून घ्यावी.

महाद्वार रोडवर मिळणारा मुलाम्याचा साज हौसेसाठी उत्तम आहे. त्याच्या पानड्या, म्हणजे हारातील लहान पदके, मोजून घ्याव्यात. पूर्ण साजात २१ पानड्या असतात आणि स्वस्त नगात त्या कमी केलेल्या आढळतात.

## ८. खोली सोडून लक्ष्मीपुरीत

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शन, नंतर मिसळ, मग बाराच्या आत खोली सोडणे आणि सामान गल्ल्यापाशी ठेवणे, एवढे झाले की खाण्याच्या वस्तूंची खरेदी सुरू करावी. त्यासाठी लक्ष्मीपुरी योग्य, कारण धान्य आणि मसाल्याची जुनी दुकाने तेथे आहेत. रविवारी तेथे आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी जायचे असेल तर सकाळीच जावे.

कोल्हापुरात ‘चटणी’ म्हणजे कांदा-लसूण मसाला, ताटात वाढायची चटणी नव्हे. दुकानात हा घोटाळा नेहमी होतो. चटणी घरोघरी उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची करून ठेवतात, त्यामुळे मार्च ते मे या काळात ताजी मिळते. ब्याडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणासाठी घालतात. आपल्याला किती तिखट चालते ते दुकानदाराला आधी सांगावे, नाहीतर तो कोल्हापूरच्या जिभेच्या अंदाजाने देतो. चिमूटभर हातावर घेऊन वास घ्यावा. खवट वास आला तर तेल जुने आहे. जिभेवर आधी मीठच लागले तर वजन मिठाने वाढवलेले आहे. पेल्यातील पाण्यात चिमूट टाकल्यावर लाल रंगाची धार लगेच खाली उतरली, तर वरून रंग घातल्याचा संशय घ्यावा. बंद पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक आणि बनवल्याची तारीख पाहावी. पहिल्यांदा पाव किलोच घ्यावी.

तांदळात आजरा घनसाळ मागावा. दाणा लहान असतो आणि शिजण्यापूर्वीही सुवास येतो. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून वास घ्यावा. वास केवळ पोत्याच्या तोंडाशी येत असेल आणि चोळल्यावर येत नसेल, तर घेऊ नये.

## ९. गूळ: सर्वांत शेवटी

गूळ शेवटी घ्यायचा तो त्याच्या वजनामुळे. ढेप दहा किलोंची किंवा पाच किलोंची मिळते, एक किलोच्या आणि त्याहून लहान वड्याही मिळतात. एसटीने किंवा रेल्वेने परतणाऱ्या चौघांच्या कुटुंबाने पाच किलोंपुढे जाऊ नये.

आधी उपयोग सांगावा, मग गूळ मागावा. लाडू, चिक्की यांसाठी चिकट पाक होणारा ‘चिक्कीचा गूळ’ वेगळा असतो. तोच पुरणात घातला तर पुरण चिवट होते, आणि मग लोक कोल्हापूरच्या गुळाला नावे ठेवतात. पुरणपोळी, आमटी आणि चहा यांसाठी साधा गूळ मागावा.

रंगाला भुलू नये. पिवळाधमक, चकचकीत गूळ बहुधा रसाची मळी काढताना घातलेल्या गंधकयुक्त पावडरीमुळे तसा होतो. तिला गुऱ्हाळावर ‘हायड्रोस’ म्हणतात. गुळात गंधकाच्या डाय-ऑक्साइडचे प्रमाण किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असा नियम आहे, पण ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून फिकट पिवळ्याऐवजी तांबूस, तपकिरी गूळ घेणे हाच व्यवहार्य मार्ग. भेंडीच्या झाडाच्या रसाने मळी काढलेला गूळ गडद असतो आणि काही दुकानदार तो तसा सांगून वेगळा ठेवतात. तुकडा तोंडात टाकल्यावर खारट किंवा तुरट चव आली तर नाकारावा. फोडल्यावर आत ओलसर, काळपट पट्टा दिसला तर तो मागच्या हंगामाचा आहे.

गुऱ्हाळे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालतात. त्या काळात गूळ ताजा मिळतो. पावसाळ्यात गूळ पाघळतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या महिन्यांत ढेप न घेता बंद पाकिटातील लहान वड्या घ्याव्यात.

सावधान: कोल्हापुरी गुळालाही भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसरीकडचा गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो. पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता वाचावा. पत्ता नसलेले, केवळ ‘अस्सल कोल्हापुरी’ छापलेले पाकीट घेऊ नये.

## १०. बांधाबांध

गल्ल्यापाशी ठेवलेले सामान घेण्यासाठी गाडीच्या दीड तास आधी पोहोचावे, कारण बांधणी घाईत केली तर आठवडाभर कपड्यांना चटणीचा वास येतो. चटणीचे पाकीट दोन पिशव्यांत घालून डब्यात ठेवावे. गूळ आधी कागदात आणि मग जाड कापडात गुंडाळावा. थेट प्लॅस्टिकमध्ये बांधला तर आतल्या आत घाम धरतो. काकवीची बाटली घेतली असेल तर ती उभीच न्यावी आणि घरी पोहोचताच झाकण सैल करून एकदा हवा जाऊ द्यावी, कारण उष्णतेने ती फसफसते. विमानाने पुढे जाणाऱ्यांनी काकवी आणि तेलकट चटणी हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनच्या सामानात द्यावी. चपला एकमेकींवर तळ टेकवून न ठेवता पट्ट्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरून शेजारी-शेजारी ठेवाव्यात, आणि गुळापासून दूर ठेवाव्यात, कारण कातड्याचा वास गूळ लगेच धरतो.

अनामत रक्कम परत घेऊन पावतीवर तशी नोंद झाल्याचे पाहावे, आणि मगच रिक्षा बोलवावी. संध्याकाळी मंदिर परिसरातून स्थानकापर्यंत जायला गर्दीमुळे दिवसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. गर्दीच्या वारी रिक्षा महाद्वारापाशी न शोधता सामान घेऊन बिंदू चौकापर्यंत चालत यावे. तेथून ती लवकर मिळते.